अकरा सेकंद

गुंफाबाई हेडाऊंचं डोकं
शनिवारी दोनदा धुतलं मी शिकेकाईनं.
केसांत टोरीचं तेल असलं की तारा बोलत नाहीत.
मग बत्तीस छिद्रांची टोपी, छिद्रागणिक थेंबभर जेल,
हनुवटीखाली पट्टा.
"लगनाचा मुकुट होय का वो माय," त्या म्हणाल्या,
"अन् नवरदेव कोठी गेला?"
नवरदेव जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.
अंगणातल्या सगळ्या हसल्या.
मी एकेका तारेचा अवरोध मोजत राहिले.

आंधळगाव.
तुर्कूच्या मारितानं पहिल्याच बैठकीत नावाचा अर्थ विचारला,
आणि लक्ष कसं लागतं याचा प्रयोग अशा गावात, हे तिला फार आवडलं.
मला थोडा राग आला.
इथल्या बाया आठ कोशांचे आठ तंतू
राख लावलेल्या मांडीवर एकत्र वळतात,
आणि आठातला एक तुटला
तर डोळ्यांआधी मांडीला कळतं.
कळतं म्हणजे डोक्यात कुठे,
किती मिलिसेकंद आधी,
तेवढंच आम्हाला हवं होतं.
नागपूरनं प्रश्न लिहिला, बेंगळुरूनं गणित,
फिनलंडनं टोपी पाठवली.
मांडी गुंफाबाईंची.

सोड्याच्या पाण्यात उकडलेल्या कोशांचा वास,
आणि लाइट गेलेली.
इन्व्हर्टरची पन्नास हर्ट्झची गुणगुण
पडद्यावर उतरत होती, झटकली तरी जात नव्हती.
सूचना अशी: समोरच्या ठिपक्याकडे बघायचं,
हातानं सूत काढत राहायचं,
कानात वेगळी बीप आली की
पायाच्या अंगठ्यानं बटण दाबायचं.
बाराव्या मिनिटापर्यंत एकही चूक नाही.
रेषा पाणी भरलेल्या बांधीसारख्या.
मग अकरा सेकंद सगळं ढवळलं.
जबडा, भुवई, मान, काय ते समजेना.
बटण हुकलं. सूत तुटलं.
त्यांनी टोक जिभेला लावलं, लाळेनं चिकटवलं, वळलं,
आणि नजर परत ठिपक्यावर.

बुधवारी अडीच वाजता, तिकडे बर्फातली सकाळ,
मारितानं तो तुकडा लाल केला.
सेंथिल म्हणाला, स्नायूंचा कचरा, काढून टाका.
वंजारी सरांनी मान हलवली.
मी तक्त्यात लिहिलं: नाकारले. कारण, हालचाल.
तीन शहरांचं एकमत व्हायला
एरवी आम्हाला महिना लागतो.

पावतीवर सही घ्यायला गेले तेव्हा
सहज विचारलं, त्या दिवशी मधेच काय झालं होतं?
त्या सही करता करता थांबल्या.
"नातू खोकलला नं घरात.
तीन दिसाचा ताप होता पोट्ट्याले.
तू तं भितीले टेकूनच बसली होती बाई.
तुले नाही आयकू आला?"

रात्री ध्वनीची फाइल लावली.
बीप. बीप. इन्व्हर्टर. कुणाच्या तरी बांगड्या.
बारा मिनिटं चार सेकंदांवर
बारीक, कोरडा, दोनदा.
माझ्या पाठीमागे फार तर सहा फुटांवर,
मधे कुडाची भिंत.
ही फाइल मी याआधी तीन वेळा ऐकली होती,
बीपच्या वेळा जुळवायला,
आणि तिन्ही वेळा त्या जुळल्या होत्या.

एका बाईवरून काही सिद्ध होत नाही.
हे मी नव्या मुलांना स्वतः शिकवते.
तरी लाल तुकडा पुन्हा उघडला,
आणि त्या बत्तीस वेड्यावाकड्या रेषांकडे
बीप नसताना बघत बसले.
पोरगा आता बरा आहे. शाळेत जातो.

कारणाच्या रकान्यातलं 'हालचाल' खोडलं.
बराच वेळ दुसरा शब्द सुचेना.
शेवटी रोमन अक्षरांत, कारण तक्ता सगळ्यांचा,
'नातू' लिहिलं.

दहा मिनिटांत मारिताचा निरोप आला:
हे कशाचं लघुरूप?